१२८ सेकंदांचं कुंपण : भाट्ये खाडीच्या पाणीपातळीच्या आलेखातला एक दोष

रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते, ती भाट्ये खाडी. मुखाशी वाळू साचते, म्हणून राजिवडा या मच्छीमार वस्तीतले तांडेल (बोटीचे प्रमुख) पाणी बघूनच बोट काढतात. उधाणाला फारशी अडचण येत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, भरती बेताची असते. तेव्हा हातभर पाण्यानेही फरक पडतो. या खाडीत पाण्याची पातळी मोजणारं एक उपकरण आम्ही सांभाळतो. त्याच्या आलेखात आलेल्या दोषाची हकीकत सविस्तर लिहितोय, कारण जवळजवळ सगळ्यांचं बोट सेन्सरकडे होतं आणि सेन्सर पूर्णपणे निर्दोष होता. शोधाची पद्धत शीतगृहाच्या तापमान नोंदीपासून पर्जन्यमापकापर्यंत कुठेही लागू पडेल.

मांडणी साधी आहे. धक्क्याच्या खांबाला लोखंडी ब्रॅकेट आणि त्यावर खाली तोंड करून बसवलेला रडार सेन्सर. पाणी किती खाली आहे ते तो दर सेकंदाला मोजतो. शेजारच्या पेटीत लॉगर (नोंदी टिपून ठेवणारं यंत्र), बॅटरी, मेमरी कार्ड. वर सोलर पॅनेल. प्रत्येक नोंदीत दोनच आकडे, वेळ आणि पातळी. वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांत मोजलेली असते, जशी बहुतेक संगणकांत असते. कार्डावरची फाइल ऑफिसात आणायची, मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि आलेख पाहायचा, एवढंच काम.

तक्रार आली ती वाळूचा अभ्यास करणाऱ्या सल्लागार अभियंत्यांकडून. आठवड्याचा आलेख त्यांना सुंदर दिसत होता. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, उधाणाकडून भांगाकडे उतरत जाणारी उंची, सगळं जिथल्या तिथे. पण एका भरतीच्या माथ्यावर काय घडतं ते पाहायला त्यांनी आलेख एका तासापर्यंत मोठा केला आणि पडद्यावर कुंपण उभं राहिलं. सरळ उभ्या रेघा, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर, आणि दोन रेघांना जोडणारी एकेक तिरपी रेघ. काही रेघा वीतभर उंचीच्या, काही त्याहून मोठ्या. सेन्सर तरी गेलाय किंवा ब्रॅकेट तरी हलतंय, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या कच्च्या टिपणात तर ‘दर दोन मिनिटांनी पाण्याला उसळी’ अशी ओळ पडली होती आणि बोटीच्या तळाखाली मोकळं ठेवायच्या पाण्याच्या हिशेबात तेवढी उंची वजा धरली होती. हे वाचल्यावर मी हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली. ती ओळ तशीच पुढे गेली असती, तर भांगाच्या दिवसांत बोट काढायची जी थोडकी वेळ मिळते ती कागदावर आणखी आखडली असती, तीही एका चुकीच्या रेघेपायी.

पाणी खरोखर असं वागू शकतं का, हे आधी ठरवायचं होतं. उधाणाला पाणी सहा तासांत अडीच मीटर चढतं असं धरलं, तरी ते सगळ्यात जोरात चढतं तेव्हासुद्धा दोन मिनिटांत सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास. वीतभर रेघ भरतीची असणं शक्य नाही. उरल्या लाटा. धक्क्यावर एक वयस्कर तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना विचारलं, “काका, दर दोन मिनिटांनी पाणी वीतभर उसळतं असं कधी बघितलंत का हो?” ते म्हणाले, “लाट काय घड्याळ लावून येते होय? तीन-चार मोठ्या येतात, मग जरा वेळ शांत. कधी लवकर, कधी उशिरा. मोजून मापून येणारं पाणी मी तरी नाही बघितलं.”

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. समुद्रात ठेका असतो, पण तो ढिला असतो. इथे ठेका एका सेकंदानेही चुकत नव्हता. इतकी शिस्त यंत्रातच सापडते.

मग कुठलं यंत्र? धक्क्याजवळ कॉम्प्रेसर चालू-बंद होतात, पंप चालतात. त्यांच्यामुळे विजेतून खोड येत असेल अशी शंका आमच्यापैकी एकाने काढली. पण आमची पेटी सोलरवर चालते, बाहेरची तार आतच येत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट हाताने तपासले, पक्के होते. हा भाग इथेच संपला.

खरा धागा भलतीकडेच सापडला. धक्क्यावर तपासणीसाठी एक जुना लॅपटॉप नेतो, त्यात तेच सॉफ्टवेअर आहे. त्यावर तीच फाइल, तोच तास उघडला, तर आलेख गुळगुळीत! लाटांची बारीक दातेरी रेघ आणि तिच्याखाली सावकाश चढणारं पाणी. ऑफिसात परत येऊन मोठ्या संगणकावर उघडली, तर कुंपण. फाइल कॉपी होताना बिघडली असेल असं लगेच कुणीतरी म्हणालं. दोन्हीकडच्या फाइलींची चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी पडताळणीची खूण, काढली, ती अक्षर न् अक्षर सारखी निघाली. म्हणजे एकच फाइल, दोन यंत्रं, दोन चित्रं.

आता फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आकडे डोळ्यांनी वाचले. हे काम कंटाळवाणं आहे आणि पहिल्या तासातच करायला हवं असं माझं ठाम मत आहे; आलेख म्हणजे आकड्यांवरचं भाष्य, ते कितीही देखणं असलं तरी मूळ दस्तऐवज आकड्यांचाच. वेळेच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकेक सेकंद वाढत होता, कुठे खंड नाही, कुठे पुनरुक्ती नाही. पातळी लाटेसरशी हळूहळू वरखाली होत होती; लगतच्या दोन नोंदींत मोठी उडी कुठेच नव्हती. तेच दोन रकाने स्प्रेडशीटमध्ये टाकून आलेख काढला, तोही गुळगुळीत. मोजमाप सुटलं, दोष चित्रात होता.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण अभियंत्यांचं म्हणणंही रास्त होतं : स्प्रेडशीट खरी कशावरून, आणि तुमचं सॉफ्टवेअर खोटं कशावरून? कारण हातात आल्याशिवाय त्यांनी टिपणातली ओळ का काढावी?

म्हणून कुंपणाचीच मापं घ्यायला बसलो. आठ तासांचा एक सलग तुकडा घेतला आणि उभ्या रेघा मोजल्या. २२५ भरल्या. आठ तासांचे २८,८०० सेकंद, भागिले २२५, म्हणजे बरोबर १२८. ज्यांनी संगणकाच्या पोटात थोडंफार डोकावलंय त्यांना हा आकडा बघताच खटकेल. १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात. निसर्गाला दोनाच्या घातांचं काही अगत्य नाही, संगणकाला मात्र आहे.

इथे एक फसवी वाट होती आणि ती बरीच पटण्याजोगी होती. आमचा लॉगर १२८ नोंदींचा गठ्ठा झाला की तो कार्डावर लिहितो. सेकंदाला एक नोंद, म्हणजे गठ्ठाही १२८ सेकंदांचाच. सॉफ्टवेअर फाइल वाचताना गठ्ठ्यातल्या सगळ्या नोंदींना एकच वेळ लावत असेल, तर नेमकं असंच कुंपण दिसेल. ऑफिसातल्या प्रत्येकाला हे कारण पटलं, मलाही पटण्यासारखंच वाटत होतं. मात्र दोन गोष्टी तपासल्यावर ते टिकलं नाही. लॉगर मध्येच बंद करून चालू केला की गठ्ठा नव्याने भरू लागतो, म्हणजे रेघांची जागा सरकायला हवी होती; ती सरकली नाही, रेघा जुन्याच ठेक्यावर राहिल्या. मग लॉगरला दर दोन सेकंदांनी नोंद घ्यायला लावलं. आता १२८ नोंदींचा गठ्ठा २५६ सेकंदांचा, तेव्हा रेघाही २५६ सेकंदांवर जायला हव्या होत्या. त्या १२८ वरच राहिल्या. लॉगर सुटला.

आता उरला तो आकडे साठवण्याचा प्रकार. संगणकात अपूर्णांकी आकडा ठेवायच्या दोन प्रचलित पद्धती १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने ठरवून दिल्या आहेत, ३२ बिटांची आणि ६४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ एवढंच मावणारी जागा). ३२ बिटांत आकड्याच्या अंकांसाठी प्रत्यक्षात २४ बिट मिळतात. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकं त्याच्या शेवटच्या अंकांचं भान सुटत जातं. मिठाची पुडी ट्रकमध्ये ठेवून ट्रक वजनकाट्यावर चढवला, तर काटा ट्रकचं वजन सांगेल, पुडी आहे की नाही ते सांगणार नाही. १९७० पासूनचे सेकंद हा तो ट्रक आहे. आज हा आकडा १७० कोटींच्या पुढे गेलाय. दोनाचा तिसावा घात (१,०७,३७,४१,८२४) आणि एकतिसावा घात (२,१४,७४,८३,६४८) यांच्या मधल्या पट्ट्यात ३२ बिटांच्या दोन लगतच्या आकड्यांत अंतर असतं १२८. मधला कोणताही सेकंद तिथे लिहिताच येत नाही. तो जवळच्या १२८ च्या पटीत ढकलला जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. १,७०,००,००,००० हा आकडा १२८ ने निःशेष भागला जातो. तो क्षण म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२३, पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंद. त्याच्या मागेपुढे सुमारे ६४ सेकंदांतल्या सगळ्या नोंदी ३२ बिटांत ३:४३:२० याच एका क्षणावर येऊन बसतात. त्यापुढच्या सगळ्या ३:४५:२८ वर. आडव्या अक्षावर जागा एकच, पण पातळ्या १२८ वेगवेगळ्या, म्हणून त्या काळातल्या सर्वांत खालच्या पाण्यापासून सर्वांत वरच्या पाण्यापर्यंत एक उभी रेघ ओढली जाते. शेवटची नोंद पुढच्या क्षणावरच्या पहिल्या नोंदीला जोडली की तिरपी रेघ. कुंपण तयार! रेघेची उंची म्हणजे त्या दोन मिनिटांतल्या लाटांचा पसारा. ‘उसळी’ म्हणून टिपणात उतरली ती हीच.

आठवड्याच्या आलेखात हे का दिसलं नाही, तेही आता उघड झालं. १,९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर आठवडा मावतो तेव्हा एका ठिपक्यात ३१५ सेकंद बसतात. दोन रेघांमधलं १२८ सेकंदांचं अंतर तिथे विरून जातं. दिवसाच्या आलेखात ते जेमतेम तीन ठिपक्यांचं, रेघ जरा जाड वाटावी एवढंच. तासाच्या आलेखात तेच ६८ ठिपके रुंद होतं. आम्हीसुद्धा रोजच्या तपासणीला आठवड्याचाच आलेख पाहतो, त्यामुळे दोष केव्हापासून आहे ते नजरेवर अवलंबून सांगता येत नव्हतं. ते पुढे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या तारखेवरून कळलं.

अंदाज बरोबर असला तरी तो पुराव्याने सिद्ध करायचा होता. त्यासाठी एक खोटी फाइल बनवली. वेळ आजच्या तारखेपासूनची, आणि पातळी पहिल्या नोंदीत ०, दुसरीत १, तिसरीत २, अशी दर सेकंदाला एकाने वाढणारी सरळ चढण. असल्या फाइलीचा मोठा गुण असा की बरोबर चित्र कसं असायला हवं यावर वादच होत नाही : एक सरळ तिरकी रेघ. ऑफिसातल्या संगणकावर ती जिना होऊन आली, प्रत्येक पायरी १२८ रुंद आणि १२८ उंच. मग तीच चढण, फक्त आरंभाची तारीख २००३ मधली टाकली. पायरी ६४ ची झाली. १० जानेवारी २००४ च्या आधी हा सेकंदांचा आकडा दोनाच्या तिसाव्या घातापेक्षा लहान होता, म्हणून अंतरही निम्मं. शेवटी आरंभ जानेवारी १९७० केला आणि पडद्यावर लख्ख सरळ रेघ आली. लॉगर नाही, समुद्र नाही, कार्ड नाही. नुसती तारीख बदलली आणि दोष आला-गेला. अभियंत्यांना हे तिन्ही आलेख शेजारी शेजारी लावून दाखवले आणि त्यांची शंका तिथेच मिटली. मोकळ्या मनाने त्यांनी ते मान्य केलं, हे नोंदवायलाच हवं.

पायरीच्या मापातून आणखी एक गोष्ट वाचता येते आणि ती इतरांच्या उपयोगाची आहे. सॉफ्टवेअर वेळ सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत ठेवत असतं, तर पायरी १३१ सेकंदांची (काटेकोर सांगायचं तर १३१.०७२) निघाली असती आणि आठ तासांत २२५ ऐवजी २२० च्या आत रेघा भरल्या असत्या. स्प्रेडशीटसारखी १९०० पासूनचे दिवस मोजायची पद्धत असती, तर पायरी साडेतीनशेच्या जरा खाली, ३३७.५ सेकंदांची. म्हणून रेघा नुसत्या ‘साधारण दोन मिनिटांवर’ म्हणून सोडू नयेत. लांब तुकडा घेऊन मोजाव्यात. १२८ आणि १३१ मधला फरक एका तासात लक्षात येत नाही, आठ तासांत येतो.

दोन संगणकांवर दोन चित्रं का, याचं उत्तर सेटिंगमध्ये मिळालं. नव्या आवृत्तीत आलेख काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे दिलं होतं, आणि कार्डाकडे बिंदू पाठवताना ते ३२ बिटांत पाठवले जात होते. ग्राफिक्समध्ये ही सर्रास रीत आहे, वेगासाठी ती योग्यही आहे. धक्क्यावरच्या जुन्या लॅपटॉपला हे काम झेपत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिथे मुकाट्याने जुन्या पद्धतीने, मुख्य प्रोसेसरवर ६४ बिटांत आलेख काढत होतं. ऑफिसातल्या संगणकावर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक्स कार्डाकडून आलेख काढून घेण्याची सोय) बंद केलं की कुंपण गायब. एक लहानसा दुजोरा आधीपासून समोर होता : कर्सर आलेखावर फिरवला की चौकटीत येणारा आकडा रेघेशी जुळत नव्हता. चौकट मूळ ६४ बिटांतली नोंद वाचत होती, रेघ कापलेल्या वेळेवर बसली होती. आकडा आणि रेघ यांची अशी फारकत दिसली की संशय आधी चित्र काढणाऱ्या भागावर घ्यावा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आम्ही चढणीची फाइल, तिच्या तीन तारखांचे आलेख आणि ‘वेळ ३२ बिटांत जातेय’ एवढं एक वाक्य पाठवलं. ‘आलेख नीट दिसत नाही’ अशी तक्रार गेली असती, तर स्क्रीनशॉट मागण्यातच वेळ गेला असता. दुरुस्ती तत्त्वतः सोपी आहे. वेळेतून आरंभाची वेळ ६४ बिटांतच वजा करायची, आणि उरलेला लहान आकडा ३२ बिटांत पाठवायचा. ट्रक खाली उतरवून पुडीच तेवढी काट्यावर ठेवायची.

दुरुस्त आवृत्ती आली, कुंपण गेलं, आणि तरीही मी ती लगेच स्वीकारली नाही. त्यांनी वजा केली होती फाइलीच्या आरंभाची वेळ. आठवड्याच्या फाइलीत हे उत्तम चालतं. तिच्या टोकालाही अंतर सेकंदाच्या सोळाव्या भागाचं राहतं. महिन्याच्या फाइलीच्या टोकाला पाव सेकंद. पण दोनाचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६ सेकंद, सुमारे १९४ दिवस. आमच्या नोंदी वर्षभर एकाच फाइलीत साठवल्या जातात. साडेसहा महिन्यांनंतर अंतर दोन सेकंदांचं होणार, म्हणजे लगतच्या दोन नोंदी पुन्हा एकाच जागेवर. वर्षभराची चढण बनवून तिचं शेवटचं मिनिट पाहिलं, तर तिथे बारीक पायऱ्या होत्याच. पावसाळ्यापूर्वी सुरू झालेली फाइल ऐन थंडीत बिघडली असती, आणि तोवर हे प्रकरण सगळे विसरले असते.

वजा करायची ती पडद्यावर दिसणाऱ्या तुकड्याच्या आरंभाची वेळ. आलेख सरकवला, मोठा केला की ती नव्याने धरायची. त्यात प्रत्येक वेळी बिंदू पुन्हा पाठवावे लागतात, थोडा वेग जातो. बनवणाऱ्यांची कुरकुर त्यावरच होती. मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा सौदा करायलाच हवा असं मला वाटतं, आणि तसं स्पष्ट लिहून कळवलं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तो बदल केला. दोन वर्षांची चढण घेऊन तिच्या शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत मोठी करत गेलो. दहाही बिंदू आपापल्या जागी, सरळ रेघेत.

चढणीची फाइल आता प्रत्येक नवी आवृत्ती आली की आधी उघडली जाते. जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे राहील त्यांना १९ जानेवारी २०३८ नंतर पायरी २५६ सेकंदांची दिसू लागेल. सेकंदांचा आकडा त्या दिवशी दोनाचा एकतिसावा घात ओलांडतो.

सेन्सर बदलायची मागणी मागे घेण्यात आली. टिपणातली उसळीची ओळ गेली, वजा धरलेली उंची परत जमेत आली, आणि लाटांसाठी किती पाणी सोडायचं ते अभियंत्यांनी मूळ नोंदींतून नव्याने काढलं. दुरुस्त आलेखांच्या छापील प्रती मच्छीमारांच्या सोसायटीत दिल्या, त्यात भांगाच्या दिवसांतल्या भरत्यांचा तास न् तास वेगळा काढून मोठा छापला आहे.